भाव गेला, जीप विकणे आहे

चहा घ्या, पण माझं बोलणं संपेपर्यंत मोठा घोट घेऊ नका. मागं एका पाहुण्यानं हे ऐकताना घेतला होता, तो त्याच्या नाकातून बाहेर आला. आणि हसायचं तर मलाच हसा. ह्यात दुसरं कुणी दोषी नाही. मी सगळ्यांवर ढकलून पाहिलं, कुणावरच बसलं नाही.

तर आमच्या दारात एक जीप उभी आहे. जुनी, हिरवी, फोर बाय फोर. माझ्या थोरल्या भावाची. दादा ती घेऊन इस्लापूरच्या पलीकडं रानात जायचा. मोबाइलच्या टॉवरवर काम करणारी माणसं, त्यांच्या बॅटऱ्या, डिझेलचे कॅन, असलं सगळं जिथं बैलगाडीसुद्धा नको म्हणते तिथं पोचवायचा. यंदा पावसाळा संपता संपता त्याला ताप आला. ताप म्हणजे तापच, त्याला कोण भितो? नांदेडला नेला. तिथून परत आणला तेव्हा... जाऊ द्या. जीप दारात राहिली.

आता अडचण अशी, की आमचं दार आणि जीपचं तोंड समोरासमोर. आई जेवायला उंबऱ्याशी बसते. लग्न होऊन ह्या घरात आली तेव्हापासूनची सवय. घास उचलला की समोर जीप. घास खाली. ताट जसं वाढलं तसं उचलायचं. रोज!

नातेवाइकांना सल्ले द्यायला काय जातं? "आधी ती जीप हलवा दारातून." अरे, हलवा म्हणजे कुठं हलवा? माझ्या दारात आणून लावा, असं एक जण बोलेल तर शपथ. येतात, चहा पितात, जीपकडं बघून मान हलवतात आणि जातात. जाताना त्यातलाच एखादा मला कोपऱ्यात घेऊन विचारतो, "टायर नवे हायेत का रे?"

एका सकाळी आईनं नुसतं पाणी पिऊन ताट सारलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, विकूनच टाकतो! आईला विचारलं का? नाही. विचारून वागणारा माणूस असतो, तर सातवीतून शाळा सोडतानाच विचारलं नसतं का?

दादाचा जिगरी दोस्त रफिकभाई. नांदेडला त्याचं गॅरेज आहे. त्याला फोन लावला. आधी त्यानं आई जेवते का ते विचारलं. मग म्हणाला, "बेचना है तो मोबाइल पे डाल. लेकिन बेचने की वजह जरूर लिख. नै तो लोगां समझते गाडी में खोट है."

वजह? वजह एकच होती. जीपचा फोटो काढला आणि खाली माझ्या हातानं लिहिलं :

"भाव गेला. त्यामुळे जीप विकणे आहे. फोर बाय फोर. अर्धापूर."

आमच्यात भावाला भावच म्हणतात. ह्यो माझा भाव, त्यो तिचा भाव. शेवटी ऊ लावायला आम्ही काय पुण्यात राहतो? जसं बोलतो तसं लिहिलं. पुन्हा एकदा वाचून पाहिलं. एकसुद्धा चूक नाही! माझा नंबर टाकला आणि छातीवर दगड ठेवून गाड्या विकायच्या ग्रुपवर पाठवून दिलं.

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. आणि मी काम काय करतो माहीत आहे? केळीच्या गाड्या भरतो! अर्धापूर म्हणजे केळी. केळीचा भाव गेला, भाव गेला, हे दर हंगामात माझ्या ह्याच कानांवर पडतं. कान आहेत, पण त्यांच्यामध्ये काहीतरी असावं लागतं ना!

दुपारी पहिला फोन आला. भोकरकडचा माणूस होता. आवाज वयस्कर, मायेचा.

"जीपवाले का? वाचलं तुमचं. भाव गेला म्हनं. लई वाईट झालं."

"हाव काका," मी म्हणालो. अनोळखी माणूस, पण आधी जीपचं विचारलं नाही. म्हटलं, आहे, जगात अजून माणुसकी आहे.

"आमचा बी गेला."

मी बसलेला उभा राहिलो. "तुमचा बी? कवा?"

"ह्याच आठवड्यात. आमचाच न्हाई, अख्ख्या गावाचा गेला बघा. कुणाचाच राहिला न्हाई."

अख्ख्या गावाचे भाऊ गेले! माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे तापाची साथच आहे, आणि आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही!

"मग काका, काय केलं तुमी?"

"काय करता? जनावरापुढं टाकला."

"काय?"

"टाकला जनावरापुढं! घरात ठिवून काय करायचं? लगेच काळा पडतो. वास सुटतो."

आणि ते काका मलाच धीर देऊन राहिले होते!

"तुमी मनाला लावून घेऊ नका. जवान हाय तुमी. परत येतो त्यो."

"कोण?"

"भाव हो! मागल्या साली बी असाच गेलता. दिवाळीच्या तोंडावर आला का न्हाई माघारी?"

आता खोटं कशाला बोलू? 'परत येतो' हे ऐकलं तेव्हा एक क्षण माझा श्वास अडकला होता. एकच क्षण. मग मी त्या काकांना अशी शिवी दिली, की शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले.

संध्याकाळपर्यंत फोनवर फोन. एक जण म्हणाला, "किती खाली गेला भाव?"

"खाली?" मी ओरडलो. "खाली कशाला जाईल? त्यानं कुणाचं वाकडं केलं न्हाई. वर गेला त्यो, वर!"

"वर गेला? मंग रडता कशाला? मजा करा की!"

ह्याला दोन शिव्या. एक त्याला, एक त्याच्या मोबाइल कंपनीला.

तिसऱ्यानं विचारलं, बोनेटवर बसून लग्नाआधीचा फोटो काढू द्याल का, नवरीला हिरवा रंग आवडतो. चौथा म्हणे, ॲव्हरेज किती देते? अरे, फोर बाय फोर जीपला ॲव्हरेज विचारतोस? म्हशीला विचारतोस का, दौडतीस किती म्हणून? पाचव्यानं तर कहरच केला. "भाव गेला ते बरंच झालं," म्हणाला, "आता तरी तुमी लोक जमिनीवर याल."

त्या दिवशी माझं पक्कं मत झालं, की माणूस ही जात सडलेली आहे. मी जीपमधून जॅकचा लोखंडी दांडा काढला आणि दाराशी ठेवला. म्हटलं, आता फोनवर नाही, दारात येऊन कुणी दादाबद्दल बोलू दे.

दुसऱ्या दिवशी आलाच एक जण.

लातूरचे सर. तिथं शिकवणी घेतात, फिजिक्सची. छोटी पांढरी गाडी, तिच्यातून उतरले तर बूटही पांढरे. पांढरे बूट घालून जीप बघायला आलेला माणूस! मी बुटांकडं पाहिलं, मग तोंडाकडं. दोन्ही तितकीच स्वच्छ. शिकवणीच्या जाहिरातीच्या फलकावर स्वतःचा फोटो लावणार, मागं जीप लावणार, आणि आयुष्यात एकदा तरी गडाच्या पायथ्याशी जाऊन भेळ खाऊन येणार. अशी गिऱ्हाइकं मी फोटो पाहूनसुद्धा ओळखतो.

आई उंबऱ्याशी बसली होती, नेहमीसारखी, समोर न शिवलेलं ताट घेऊन. सरांनी तिला लांबून नमस्कार केला. तिनं मान हलवली की नाही, कळलं नाही.

जीपभोवती एक फेरी मारून सर माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वाचलं मी. भाव गेला ना? चालायचंच, मालक."

मी दांड्याकडं पाहिलं.

"खरं सांगू का," सर पुढं म्हणाले, "भावाच्या भरवशावर राहूच नये माणसानं. भाव कधी कुणाचा झालाय?"

"सर," मी म्हणालो, "तोंड सांभाळून."

"राग मानू नका. माझे सासरे तेच करायचे. भावाच्या जिवावर बंगला बांधायला काढला. मी तेव्हाच म्हटलं होतं, एक ना एक दिवस हा भाव तुम्हाला रस्त्यावर आणणार! आणला. आता नुसते कपाळाला हात लावून बसलेत. तुम्ही तरी किती वर्षं भावाच्या जिवावर काढणार होता?"

हे मात्र वर्मी लागलं. कारण काढलीच होती ना मी! कपडे त्याचे, मोटारसायकल त्याची, शिव्या खायच्या त्या त्याच्याच. मी दांडा उचलला.

"गज्या म्हणतात मला! माझ्या नादी लागतो व्हय रं! थांब, तुझं फिजिक्सच काढतो!"

सर जीपच्या त्या बाजूला. मी ह्या बाजूला. मी इकडून गेलो की ते तिकडून. लहान पोरं झाडाभोवती खेळतात तसं आमचं सुरू झालं. पांढऱ्या बुटांना पळता चांगलं येतं, हे तेव्हा कळलं.

"अहो मालक, काय झालं? मी काय बोललो?"

"माझ्या भावाला शिव्या देतो आन वर इचारतो?"

"मी भावाला नावं ठेवली, तर तुम्हाला एवढं काय लागतं? भाव काय तुमच्या घरचा आहे का?"

"मग कुणाच्या घरचा हाय रे?"

मी आणखी एक चक्कर मारली. शेवटी सर घामाघूम होऊन बोनेटला धरून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "बाबा, तुझा काय तो शेवटचा भाव सांग. पटला तर घेतो, नाही तर हा चाललो."

आणि उंबऱ्यावरून आईचा आवाज आला. दादा गेल्यापासून ती परक्या माणसाशी एक शब्द बोलली नव्हती.

"शेवटचा ह्योच हाय, लेकरा," ती माझ्याकडं बोट करून म्हणाली. "थोरला गेला. दोघंच व्हते."

सर तसेच उभे. हात जोडलेले. त्यांनी आईकडं पाहिलं. मग तिच्या मागं भिंतीवर दादाचा फोटो होता, हार घातलेला, तिकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"भाव म्हणजे..." ते म्हणाले, "भाऊ?"

"मग काय केळी?" मी म्हणालो.

आणि हे शब्द माझ्याच तोंडून बाहेर पडले तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. हळूहळू नाही, एकदम, फटाक्यासारखा. मी मोबाइल काढला. वाचलं. भाव गेला. अर्धापूर. पुन्हा वाचलं. कितीही वेळा वाचलं तरी आता केळीच दिसत होती!

मग ते भोकरकडचे काका आठवले. बिचाऱ्यांनी केळी जनावरांपुढं टाकली होती, आणि वर मला धीर दिला होता. त्यांची आई, त्यांची बहीण, त्यांचं सगळं खानदान मी... हे देवा. दांडा हातातून गळून माझ्याच पायावर पडला. बरं झालं. दुसऱ्या कुणाच्या पायावर पडायची त्याची लायकी नव्हती.

सर बंपरवर बसले होते. खाली बघून म्हणाले, "मी काय काय बोललो तुम्हाला."

"तुमी केळीला बोलले," मी म्हणालो. "मीच येडा हाय."

त्यांनी ते कबूल केलं नाही, पण नाहीसुद्धा म्हणाले नाहीत. शिक्षक माणूस.

"मी निघतो," ते उठले. "ही वेळ नाही गाडी बघायची."

इथं शहाणा माणूस काय करतो? पाणी देतो, माफी मागतो, वाटेला लावतो. मी काय केलं? म्हटलं, असं कसं! लातूरहून आलात, फोर बाय फोर काय असतं ते दाखवल्याशिवाय सोडतो काय! झालेली लाज कशानं तरी झाकायची होती ना! सरांना ओढून जीपमध्ये बसवलं आणि घरामागच्या केळीच्या रानाकडं निघालो. रानात आदल्याच दिवशी पाणी सोडलं होतं. कडेला नुसता राडा, चिखलच चिखल. आई मागून चालत आली. का आली, ठाऊक नाही. दाराबाहेर पाऊल टाकलेलं मी तिला कितीतरी दिवसांनी पाहत होतो, त्यामुळं मला आणखीच चेव चढला.

राड्याच्या तोंडाशी जीप थांबवली. आता इथं दादाची एक रीत होती. चिखल आला की तो खाली उतरायचा, पुढच्या डाव्या चाकाशी वाकायचा, मधोमध हात लावायचा. मग उजव्या चाकाला तसंच. मगच गाडी घालायचा. मी शेजारी बसून लहानपणापासून बघत आलेलो. वाहन म्हणजे लक्ष्मी, तिच्या पाया पडून मगच तिला चिखलात घालायचं, केवढा मोठा विचार! माझे तर डोळे भरून यायचे.

मी उतरलो. डाव्या चाकाला हात लावला, कपाळाला लावला. उजव्या चाकाला हात लावला, कपाळाला लावला. "दादा, लाज राख," म्हणालो. वर चढलो, लहान गिअरची दांडी ओढली आणि घातली गाडी राड्यात.

सहा हात गेली आणि बसली. बसली म्हणजे मांडी घालून बसली. मागची चाकं गरागरा फिरताहेत, पुढची ढिम्म. मी आणखी रेटली. मागून चिखलाचा फवारा उडाला. सर बघायला खाली उतरले होते. पांढरे बूट राहिले नाहीत, पांढरा शर्ट राहिला नाही. डोळे तेवढे पांढरे राहिले.

"मालक," त्या चिखलातून आवाज आला, "हब लॉक केलेत का?"

"काय?"

"पुढच्या चाकांचे हब. मधली चकती हातानं फिरवून लॉक करावी लागते. त्याशिवाय पुढच्या चाकांना जोर जात नाही. वर्षभर मी मोबाइलवर ह्याच गाड्या बघून राहिलोय. केलेत का लॉक?"

"मी पाया पडलो की."

"कुणाच्या?"

"चाकांच्या."

सर माझ्याकडं बघत राहिले. परीक्षेत एखाद्या पोरानं उत्तराच्या जागी आरती लिहावी आणि तपासणाऱ्यानं बघावं, तसे.

"दादा दर वेळी पडायचा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच बारीक वाटला. "म्हणजे... त्यो चकती फिरवायचा?"

बांधावरून आई बोलली. "त्यो कवा देवाच्या पाया पडला न्हाई मेला! चाकाच्या पडंल व्हय?"

आणि मग ती हसायला लागली. आधी मला वाटलं रडते आहे, म्हणून मी घाबरून खाली उडी मारली आणि गुडघ्यापर्यंत रुतलो. ते बघून ती आणखी हसली. पदर तोंडात कोंबला, बांधावर बसली, एका हातानं पोट धरलं. "कपाळाला... कपाळाला बी लावला ह्यानं!" असं म्हणायची आणि पुन्हा सुरू.

सरांनी बाही वर केली, कोपरापर्यंत हात चिखलात घातला आणि चकती फिरवली. दुसऱ्या बाजूची माझ्याकडून फिरवून घेतली. मग स्वतः चालवायला बसले. मला बसू दिलं नाही. जीप एकदा गुरगुरली आणि म्हैस डबक्यातून उठावी तशी अंग झटकत बाहेर आली. मी बघत राहिलो. एवढी वर्षं शेजारी बसून मी दादाकडून काय शिकलो? काहीच नाही. नमस्कार तेवढा शिकलो, तोही तो करत नव्हता.

हातपाय धुतल्यावर आईनं सरांना सोडलंच नाही. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. पाहुणा एकटा कसा जेवेल म्हणून तिनंही ताट घेतलं. उंबऱ्याशीच बसली. समोर जीप, तोंडावर माझ्या पराक्रमाचा चिखल घेऊन उभी. आई तिच्याकडं बघायची, मधेच हसायची, आणि घास घ्यायची. मी खाली मान घालून जेवत होतो, पण तिच्या ताटावर माझं लक्ष होतं. भाकरी संपली. तिनं आणखी घेतली. मी ठेच्याची वाटी तिच्याकडं सरकवली.

हात धुताना सरांनी हळूच विषय काढला. "मावशी, मग कसं करायचं? जीप द्यायची का मला?"

मी म्हणालो, "हाव, न्या की, मी तर—"

"तू गप," आई म्हणाली. मग सरांकडं वळली. "जीप ऱ्हाऊ द्या, लेकरा. कामाची हाय. दारात बिनकामाचं काय असंल तर हे ध्यान हाय. न्यायचं तर ह्याला न्या."

सरांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. डोक्याला चिखल, कपाळाला चिखल, सुजलेला पाय. मग अगदी गंभीर चेहरा करून विचारलं, "चालू कंडिशनमध्ये आहे का?"

"न्हाई," आई म्हणाली. "ढकलावं लागतंय."